हजार गॅलनला 3 सेन ही लूट आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, सिंगापूर मलेशियाच्या जोहोर राज्याकडून हजार गॅलन पाणी 3 सेनला घेतं ही लूट नाही का, आणि सांडपाण्याचे असे दोन देशांतले करार का ऐकू येत नाहीत.

सेन म्हणजे मलेशियाच्या रिंगिटचा शंभरावा भाग, 3 सेन म्हणजे आपले साठेक पैसे, तेवढ्यात साडेचार हजार लिटर, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं की कुणाचंही डोकं फिरतं. पण ते नदीतलं कच्चं पाणी आहे हो. 1962 च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलू शकतं, मुदत 2061 पर्यंत, आणि त्याच कराराने जोहोरला शुद्ध केलेलं पाणी हजार गॅलन 50 सेनला परत द्यायचं असतं. शुद्ध करायला 2.40 रिंगिट लागतात असं सिंगापूर सांगतं, म्हणजे तिथे घाटा त्यांचा. शिवाय जोहोरचा हक्क उचललेल्या पाण्याच्या 2 टक्क्यांपुरता, प्रत्यक्षात घेतात त्याच्या कितीतरी जास्त. जोहोर नदीत पाणी सोडणाऱ्या लिंगिऊ धरणाचा खर्चही सिंगापूरनेच केला. नुसते 3 सेन धरून बसलं तर हा हिशोब लागतच नाही.

खरी गोची दर बदलायच्या कलमात आहे. 25 वर्षांनंतर फेरविचार करता येईल असं लिहिलंय. 1987 आलं, गेलं, मलेशियाने काही केलं नाही, आता सिंगापूर म्हणतं संधी गेली आणि मलेशिया म्हणतं हक्क अजून आहे. त्यात 1965 ला दोघं वेगळे झाले तेव्हा या कराराची हमी विभक्तीच्या करारातच घातली आणि तो युनोकडे नोंदवला, त्यामुळे एकट्याने मोडायची सोय नाही. पण मुदत संपली की मात्र कुरकुर नाही हं, 1961 चा दुसरा करार 2011 ला संपला तेव्हा सिंगापूरने तिथली जलशुद्धीकरण केंद्रं जोहोरच्या ताब्यात देऊन टाकली.

आता सांडपाणी. करार आहेत, फक्त चर्चा नसते. मेक्सिकोतलं नोगालेस आणि ॲरिझोनातलं नोगालेस ही सीमेला चिकटलेली जुळी गावं, उतार उत्तरेला, म्हणून मेक्सिकोतला मैला आपसूक अमेरिकेत येतो. तो रिओ रिको इथल्या प्लांटमध्ये दोन्ही देशांच्या सीमा-जल आयोगाच्या करारानुसार शुद्ध होतो, बहुतांश मैला मेक्सिकोचा. पाण्याच्या बाबतीत नळ बंद करायची धमकी तरी देता येते, इथे काय बंद करणार? भांडण झालं ते प्लांटपर्यंत जाणाऱ्या मुख्य वाहिनीवरून, ती कोणाची आणि दुरुस्ती कोणाच्या खिशातून, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2017 च्या पावसाळ्यात ती वाहिनी फुटली आणि ॲरिझोनाच्या राज्यपालांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

सीमा देशाचीच हवी असं काही नाही म्हणा. महाराष्ट्र-गोव्याच्या तिळारी धरण प्रकल्पात खर्च गोव्याचा 73.3 टक्के, पण कालवा आपल्या दोडामार्गात फुटला की पेडणे-बार्देशातले लोक टँकरची वाट बघतात. असा कुठलाही करार हातात आला तर दराचं पान नंतर वाचा, आधी दुरुस्ती कोणाकडे आणि फेरविचार कधी ते शोधा.