अ‍ॅड्रेनालिनचं पेन घेतलंत, आता हाताला सवय लावा

ताई, लेकाला सुंगटांची (कोळंबीची) अ‍ॅलर्जी निघाल्यावर काय होतं ते मी जाणते. माझ्या लेकीने शेजारी घासभर सुक्या सुंगटांचं किसमूर खाल्लं आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. मी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसले. तीच चूक. गोळीने खाज थांबते, सुजत चाललेला घसा नाही. श्वास अडतोय, आवाज बदललाय, मूल गळून पडतंय असं दिसलं की आधी अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे पेनातलं टोचायचं औषध, मग 108 ला फोन.

पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, पँटवरूनच टोचायचं. पाय मात्र घट्ट धरा, मूल झटका देतं आणि सुईने ओरखडा उठतो. मग त्याला आडवं ठेवा, धाप लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन. म्हणून कायम दोन जवळ हवीत. बरं वाटलं तरी इस्पितळात न्याच, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

डोस वजनावर असतो: साधारण 15 ते 30 किलोला 0.15 मिलिग्रॅम, पुढे 0.3. मूल वाढलं की डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडच्या उन्हात पेन गाडीत ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. महिन्यातून एकदा पेनाच्या छोट्या खिडकीतून बघा, औषध पाण्यासारखं नितळ हवं. भारतात पेन सहज मिळत नाही, तेव्हा मुदत संपायच्या बरीच आधी नवं मागवा.

आणि सरावाचं पेन (सुई आणि औषध नसलेलं) मिळालं तर आजीच्याही हातात द्या. दुपारी घरी तीच असते ना?