दिवा लागतो, विझतो. गाडीला झालंय काय?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 2016 ची आहे. पाऊस सुरू झाल्यापासून इंजिनाचा पिवळा दिवा मधूनच लागतो, काही दिवसांनी आपोआप जातो. कुंभार्ली घाट चढताना गाडी अडखळते. मेकॅनिक म्हणतो, बॅटरीची वायर काढून परत लावा. लावू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुळीच नको! दिवा विझला म्हणजे बिघाड गेला असं नाही. सलग काही फेऱ्यांत दोष दिसला नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, दिवा विझवतो, पण बिघाडाचा कोड मेमरीत ठेवतो. बिघाड झाला त्या क्षणीचा आरपीएम (इंजिनाच्या फिरण्याचा वेग), इंजिनाचं तापमानही सहसा नोंदलेलं असतं. वायर काढलीत की हा पुरावाच गेला.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लावायला सांगा आणि कोड लिहून घ्या. नुसतं ‘सेन्सर गेलाय’ ऐकून पैसे देऊ नका.

पाऊस, चढ आणि अडखळणं म्हटल्यावर माझा पहिला संशय इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागावर. कोड पी0302 (दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही) आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून गाडी घाटात न्या. कोड पी0303 (तोच दोष तिसऱ्यात) झाला तर कॉइलच खराब. नाही बदलला तर प्लग बघा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. बॉनेट उघडलंच आहे तर वायरीही तपासा. पावसाळ्यात उंदीर तिथेच ऊब शोधतात.

दिवा लुकलुकायला लागला तर मात्र अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि त्याच्या किमतीपुढे कॉइल म्हणजे चिल्लर.