एसडीआर डोंगलच्या जमान्यात जुने राकाल, कॉलिन्स रिसीव्हर घेण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा, की बोटभर एसडीआर डोंगल (रेडिओचं बहुतेक काम सॉफ्टवेअरवर सोपवणारं छोटं उपकरण) लॅपटॉपला लावला की सगळा शॉर्टवेव्ह पडद्यावर दिसतो, मग १९५०च्या दशकातल्या तीस-तीस किलोच्या रिसीव्हरवर लोक अजून जीव का टाकतात, आणि नव्याने छंद लागलेल्याने असा एखादा घ्यावा का.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे राकाल या ब्रिटिश कंपनीचा आरए-१७ रिसीव्हर आहे, त्यामुळे माझा कौल कुठे झुकणार हे उघडच आहे. कारण मात्र नीट सांगतो.

वॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या, काचेच्या नळ्यांच्या) रेडिओवर ज्यांनी रेडिओ सिलोन लावलंय त्यांना आठवत असेल, स्टेशन लागायचं, गाणं रंगात यायचं आणि हळूहळू आवाज फाटायला लागायचा. पुन्हा काटा जरासा हलवायचा. वॉल्व्ह तापले की आतल्या कॉइल-कपॅसिटरची मूल्यं बदलतात, ऑसिलेटरची, म्हणजे ट्यूनिंगसाठी आतच सिग्नल तयार करणाऱ्या सर्किटची, फ्रिक्वेन्सी सरकते आणि स्टेशन पळतं. शिवाय अख्खा २५ मीटर बँड डायलवर बोटभर जागेत, त्यात नेमकी फ्रिक्वेन्सी वाचणार कशी? गाणी ऐकायला एवढं चालून जातं. युद्धनौकेला चालत नाही. तिथे सांगितलेल्या फ्रिक्वेन्सीवर सेट लावून ठेवायचा आणि तो तिथेच राहायला हवा.

अमेरिकेत कॉलिन्स कंपनीने यावर यंत्रकामाने मात केली. त्यांनी लष्करासाठी बनवलेल्या आर-३९०एचं वरचं झाकण काढून नॉब फिरवा. गिअर, कॅम आणि कॉइलच्या गाभ्यांनी भरलेल्या पट्ट्या एका तालात वर-खाली होतात, आणि पुढच्या काउंटरवर किलोहर्ट्झचे आकडे सरकतात. दहा फेऱ्यांत बरोबर एक मेगाहर्ट्झ. त्यातले मेकॅनिकल फिल्टर तर मला फारच आवडतात. धातूच्या लहान चकत्या ४५५ किलोहर्ट्झला खरोखर थरथरतात, आणि शेजारचं स्टेशन तिथेच गाळलं जातं.

तरी माझा जीव आरए-१७ वर. ब्रिटिश नौदलासाठी कॉलिन्सच्या धर्तीवर सेट बनवायचं राकालच्या मनात होतं, पण ते जमलं नाही. तेव्हा त्यांना दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर वॅडली भेटला. त्याने गिअरच्या नेमकेपणावर भिस्त ठेवलीच नाही. ऑसिलेटर सरकणार हे त्याने धरूनच चाललं.

आलेला सिग्नल एका बदलत्या ऑसिलेटरशी मिसळून ४० मेगाहर्ट्झच्या आसपास नेला जातो. तोच ऑसिलेटर दुसऱ्या वाटेने १ मेगाहर्ट्झच्या स्थिर क्वार्ट्झ क्रिस्टलच्या हार्मोनिकशी (त्याच्या पूर्ण पटीतल्या फ्रिक्वेन्सीशी) मिसळून ३७.५ मेगाहर्ट्झ तयार केले जातात. पुढे दोन्ही वाटा एकत्र येतात आणि वजाबाकी होते. ऑसिलेटर थोडा सरकला तर दोन्ही वाटांवर तेवढाच सरकतो, म्हणजे वजाबाकीत ती चूक निघून जाते. हाती येतो २ ते ३ मेगाहर्ट्झचा पट्टा, क्रिस्टलइतका स्थिर, आणि तो नेहमीच्या पद्धतीने ट्यून करायचा. हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकृतीकडेच बघत बसलो होतो.

सेटवर बसलात की हे हाताला कळतं. शॅननहून विमानांसाठी हवामान सांगतात ते ५५०५ किलोहर्ट्झवर, एसएसबीत (सिग्नलची फक्त एक बाजू पाठवायच्या पद्धतीत). मेगाहर्ट्झचा नॉब ५ वर ठेवायचा, मग मोठा जड नॉब फिरवून, मागून दिवा लागलेल्या फिल्मच्या पट्टीवर ५०५ आणायचे. त्या पट्टीवर १०० किलोहर्ट्झला जवळजवळ सहा इंच जागा मिळते! आवाज स्वच्छ लागला की मुद्दाम मेगाहर्ट्झचा नॉब किंचित हलवून बघा. स्टेशन क्षीण होतं, पण जागचं हलत नाही, आवाजाची पट्टीसुद्धा बदलत नाही. पडद्यावर माउसने क्लिक करताना हा अनुभव नाही.

डोंगल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अख्खा बँड एका नजरेत बघायला, रेकॉर्ड करायला तो उत्तमच. पण स्वस्त डोंगल जवळच्या जोरदार स्टेशनने गुदमरतो आणि नको तिथे खोटे सिग्नल दाखवतो. आरए-१७ च्या तोंडाशी ट्यून होणारं सर्किट आणि सिग्नलचा जोर कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर आहे, त्यामुळे तिथे तो शांत असतो.

आता तुमच्यापुरतं. भारतात आरए-१७ मागवायचा तर वाहतूकखर्च जड जाईल, आणि आल्यावर लगेच वीज देऊ नका. आतले जुने कागदी कपॅसिटर आधी बदलावे लागतात, आणि वॉल्व्हला जीव घेईल एवढं व्होल्टेज असतं. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. आणि शहरात राहत असाल तर आधी एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टरची खरखर आवरा. तिच्यापुढे कुठलाच रिसीव्हर टिकत नाही. घराबाहेर, वायरिंगपासून लांब ताणलेली वीस-पंचवीस फूट तार महागड्या सेटपेक्षा जास्त फरक पाडते.

माझा सल्ला विचाराल तर १९७०च्या दशकातला, जपानच्या याएसू कंपनीचा एफआरजी-७ रिसीव्हर शोधा. तो ट्रान्झिस्टरचा आहे, वजन सात किलोच्या आसपास, आणि आत वॅडलीचीच युक्ती. घेताना मेगाहर्ट्झचा नॉब ० पासून २९ पर्यंत फिरवून बघा. प्रत्येक आकड्यापाशी लॉकचा (नॉब बरोबर जागी बसला की विझणारा) लाल दिवा विझायला हवा. काही आकड्यांवर विझत नसेल तर अ‍ॅलाइनमेंट (आतल्या सर्किटची जुळवणी) बिघडलेली आहे, तेव्हा भाव त्या हिशेबाने करा.