यदृच्छेत इच्छा आहे का?

प्रश्न असा आला आहे: 'यादृच्छिक' म्हणजे इच्छेला येईल तसं, तर मग संगणकाने काढलेल्या आकड्याला यादृच्छिक का म्हणायचं? यंत्राला कसली आली आहे इच्छा?

शब्दात 'इच्छा' नाहीच. यद् + इच्छा असा संधी केला तर 'यदिच्छा' होईल. 'यदृच्छा'मधला ऋ 'ऋच्छ्' या गत्यर्थक, म्हणजे 'जाणे-येणे' सांगणाऱ्या, धातूचा आहे. जे आपसूक येऊन ठेपतं ते. गीतेत 'यदृच्छया चोपपन्नम्' (२.३२) म्हणजे न मागता समोर आलेलं. श्वेताश्वतर उपनिषद तर जगाचं कारण शोधताना काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा अशी वेगवेगळी नावं घेतं. नियती आणि यदृच्छा एक नव्हेत, हे तेव्हाच ठरलेलं आहे.

तरी प्रश्नकर्त्याचा कान अगदीच चुकलेला नाही. संस्कृत कोशांत यदृच्छेचा 'स्वच्छंद' हा अर्थही सापडतो. व्याकरणकार पतंजलीने शब्दांचे चार प्रकार सांगितले, त्यांतला चौथा यदृच्छाशब्द: ठेवणाऱ्याच्या मनाला आलं म्हणून ठेवलेलं नाव, जसं 'डित्थ' हे काहीच अर्थ नसलेलं नाव. आजच्या मराठीत मात्र हा अर्थ मागे पडला आहे. दहावीच्या गणितातल्या 'यादृच्छिक प्रयोगा'त नाणं उडवणाऱ्याची मर्जी विचारात घेतच नाहीत.

त्यामुळे संगणकाबद्दल खरी शंका उलट बाजूची आहे. त्याला इच्छा नाही ही अडचण नाही. त्याचा आकडा आपसूक येत नाही, ही आहे. गणिती जॉन फॉन नॉयमन यांची असे आकडे काढण्याची जुनी रीत पाहा: १२३४चा वर्ग ०१५२२७५६, त्यातले मधले चार अंक ५२२७, त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. पाहणाऱ्याला अंक विस्कळीत वाटतात, पण १२३४ने सुरुवात केली की दर वेळी हेच येणार. ही शुद्ध नियती! अशा आकड्यांना 'छद्म-यादृच्छिक' म्हणावं. याउलट ब्रिटनमध्ये १९५७ साली प्रीमियम बाँड या सरकारी बक्षीस-रोख्यांची सोडत काढायला 'अर्नी' नावाचं यंत्र आलं. ते निऑन नळ्यांतल्या विद्युत-गोंगाटावरून आकडे काढी. तिथे 'यादृच्छिक' शब्द पुरता शोभतो. पण म्हणून अर्नी स्वतंत्र बुद्धीचं झालं, असं कुणी म्हणणार नाही. माणसाच्या मेंदूतही असाच गोंगाट दाखवून 'बघा, माणूस स्वतंत्र आहे' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. फाशाने ठरवलेली गोष्ट माझी कशी?

इथे मराठी बोलणारे नकळत बारकावा पाळतात. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२०मध्ये दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढावी लागली. 'चिठ्ठीने निकाल लागला' असं आपण म्हणतो. 'चिठ्ठीने निर्णय घेतला' असं म्हणवत नाही. निकाल लागतो, निर्णय कुणीतरी घेतो. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला चिकटवलेली पाकळी कुठली पडते, ते बघणाऱ्याला यदृच्छा वाटेल. भाविकाला तो देवाचा निर्णयच असतो, म्हणून 'देवाने कौल दिला' हे वाक्य त्याच्या तोंडी सहज येतं.

निर्णय घ्यायला कुणीतरी लागतो, तर मग 'संगणकाने कर्ज नाकारलं' हे चूक का? व्याकरणाने नाही. पाणिनी 'स्वतन्त्रः कर्ता', म्हणजे जो स्वतंत्र तो कर्ता, म्हणतो खरा, पण परंपरेत 'स्थाली पचति', म्हणजे भांडं शिजवतं, हेही चालतं. कर्ता कुणाला करायचं, हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर, म्हणजे त्याला काय सांगायचं आहे त्यावर. भांड्याला कर्तेपण दिल्याने त्याला मन फुटत नाही, तसं संगणकालाही नाही. उलट बँकेच्या पत्रात असं वाक्य दिसलं तर ज्या माणसांनी निकष ठरवले ती वाक्यातून कुठे गेली, हे जरूर विचारावं.

रोजच्या बोलण्यात मात्र 'यादृच्छिक'चा सोस नको. 'कुठलाही एक आकडा सांग' पुरतं. आणि फोनवरची गाणी उलटसुलट क्रमाने लावायची तर पत्त्यांचा 'पिसणे' आहेच: गाणी पिसून लाव.