मूल सतत मान पुढे काढून बसतं, म्हणून जबड्याचा सांधा दुखतो का?

संबंध आहे, पण फक्त बसण्याला दोष देऊ नका.

आधी स्वतःवर करून बघा. ताठ बसून दात हलकेच एकमेकांवर टेकवा. आता हनुवटी पुढे काढून, मोबाईल बघताना काढतो तशी, पुन्हा टेकवा. दात वेगळ्या जागी टेकल्यासारखे वाटतील. खालचा जबडा कानापुढच्या दोन सांध्यांवर आणि स्नायूंवर तोललेला असतो. मान पुढे गेली की हनुवटीखालचे स्नायू त्याला मागे-खाली ओढतात आणि तो वर धरायला चावण्याच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. जबडा दुखणाऱ्या मुलांमध्ये मान-खांदेही आखडलेले दिसतात, पण आधी काय सुरू झालं हे दरवेळी सांगता येत नाही. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणारं मूलही मान पुढे काढतं. तिथे "नीट बस" म्हणून काय होणार? आधी नाक बघा.

नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, तर घाबरू नका. मात्र सकाळी जबडा आखडणं, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकणं किंवा मुलाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न मावणं, यातलं काही असेल तर बालदंतवैद्यांना दाखवाच. लहान मुलांचा संधिवात या सांध्यात कधीकधी न दुखताही वाढतो आणि जबड्याची वाढ खुंटवतो.

तोवर स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला ठेवा, च्युइंगम बंद करा. ओठ मिटलेले, दात मात्र सुटे, ही सवय लावा. केवळ या दुखण्यासाठी कुणी दात यंत्राने झिजवून कमी करून घ्यायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.