पास असून पोर चालत का येते?

"मुलगी नववीत आहे. जूनपासून आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडवते. सकाळी पोटात दुखतं म्हणते, साडेनऊची गाडी गेली की तासाभरात बरी. डॉक्टर म्हणाले काही नाही. मला वाटतं सगळं मोबाईलमुळे. हे म्हणतात, असली नाटकं करायची तर शाळा सोड नि घरी बस. हट्टी पण एवढी, शाळेत गेली तर येताना पास असून भिजत चालत येते. काय करू?"
– एक आई, देवगड तालुका

ताई, मोबाईल राहू दे बाजूला. पास असून चालत येते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मी तिथेच अडकलेय. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही, आणि तरी ही पोर जुलैच्या पावसात दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सड्यावरून, त्या उघड्या माळावरून, एकटी चालत येते. हा हट्ट नाही हो, तिला त्या गाडीत चढायचंच नाहीये. सकाळी वेळेत पोचायला गाडीशिवाय इलाज नाही म्हणून पोट सकाळी दुखतं, गाडी सुटली की थांबतं. आणि ते खरंच दुखतं बरं का, भीतीने पोटात कळा येतात, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोर खोटी ठरत नाही.

गर्दीत अंगाला हात लावणारा कुणी असेल, मागच्या सीटवरून शेरे मारणारी पोरं असतील, नाहीतर वर्गातल्याच मुली. ती सांगणार नाही, कारण तोंड उघडलं तर शाळा बंद होणार हे तिने बापाच्या तोंडून ऐकलंय. मला राग आलाय तो त्याचा.

सोमवारी तिच्याबरोबर साडेनऊच्या गाडीत बसा. खोदून खोदून विचारू नका, ओरडू नका, नुसत्या शेजारी बसा, संध्याकाळी पण आणायला जा, आठवडाभर. कामाचा खाडा झाला तर होऊ दे. ती बोलेल, किंवा तुम्हालाच दिसेल. कुणी हात लावत असेल तर गावात मिटवामिटवी करायची नाही, १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, सरळ पोलिसात जायचं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केलात तरी मदत मिळते, पैसे पडत नाहीत.

पण सोमवारच्या आधी एक करा. शाळा बंद करायचं ते वाक्य ह्यांना आज रात्रीच परत घ्यायला लावा, तिच्यासमोर.