आधी सातबारा, मग निबंध

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी द्यायच्या एसएटीच्या सराव परीक्षेत 1390 पडले म्हणून दोन दिवस नीट जेवली नाहीस, असं लिहिलंस. आधी त्या आकड्याचं बोलून घेऊ, कारण तुझं अख्खं पत्र त्याच्याभोवती फिरतंय. मला मात्र काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे.

आपल्याकडे सीईटीचं पर्सेंटाइल लागतं, कॅप राउंडची यादी लागते, एका आकड्यावर कट-ऑफ थांबतो. त्याच्या वर असलीस तर आत, खाली असलीस तर बाहेर. अमेरिकेतल्या कॉलेजांत अशी रेघ नसते. प्रत्येक कॉलेज आदल्या वर्षी घेतलेल्या मुलांच्या गुणांचा मधला पट्टा जाहीर करतं. पाव मुलं त्याच्या खाली असतात, पाव वर. तुझा आकडा त्या पट्ट्यात बसला की तुझा अर्ज पुढे नीट वाचला जातो, एवढंच त्याचं काम. 1600 पैकी 1560 पडले तरी जागा नक्की होत नाही.

2020 च्या साथीत बहुतेक कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली. एमआयटीने ती 2022 मध्ये परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनीही. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे गुण बघतच नाही. तेव्हा प्रत्येक कॉलेजचा नियम त्याच्याच संकेतस्थळावर वाच, मैत्रिणीच्या स्टेटसवर नको. तुझे गणितात 740 आहेत आणि इंग्रजीत 650, म्हणजे मेहनत कुठे घ्यायची ते उघड आहे. रोज अर्धा तास इंग्रजीतला एक अवघड उतारा वाच आणि त्याचा सारांश दोन ओळींत लिही. गणितातले शेवटचे दोन प्रश्न घोटत बसू नकोस. आणखी एकदा परीक्षा दे, फार तर दोनदा. मग तो विषय संपव.

आता पैशाचं. तुझ्या पत्रात त्यावर एकच वाक्य आहे: ‘बाबा म्हणतात, आधी अॅडमिशन मिळू दे, मग बघू.’ ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीही हेच वाक्य होतं आणि मीही त्याला मान डोलावली होती. मार्चअखेर त्याला प्रवेशाचं पत्र आलं, पेढे वाटले गेले. त्याने आर्थिक मदत मागितलीच नव्हती, कारण मागितली तर संधी कमी होईल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. नंतर मागायला गेला, तर परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशानंतर मदतीचा अर्ज करता येत नाही, असा त्या कॉलेजचा नियम निघाला. तो गेला नाही. मी त्याच्या घरी जाऊन वेळेवर विचारायला हवं होतं, नाही विचारलं. म्हणून तुला आत्ताच लिहितेय.

मोठ्या खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च राहण्या-जेवणासकट 80 हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे आपले 70 लाखांच्या आसपास. चार वर्षं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट आणि 2022 पासून डार्टमथ, बोडन अशी मोजकीच कॉलेजं प्रवेश ठरवताना परदेशी मुलाची ऐपत बघत नाहीत, आणि घेतल्यावर गरजेइतकी मदत देतात. पण तिथे शंभरातल्या दहांनाही जागा मिळत नाही. बाकी बहुतेक कॉलेजं ऐपत बघतात. परदेशी मुलांसाठी त्यांच्याकडे ठरावीक रक्कम असते. दोन अर्ज सारखेच चांगले असतील, तर कमी मदत लागणारा पुढे सरकतो. हे कटू आहे, पण हे ठाऊक असल्याशिवाय यादी करता येत नाही. एसएटीचा आकडा इथे पुन्हा कामाला येतो: ज्याला मदत हवी त्याचे गुण पट्ट्याच्या वरच्या टोकाला असले, तर त्याच्यावर पैसे खर्चायला कॉलेज तयार होतं. तुझे 1390 कमी की पुरेसे, ते घरातून किती पैसे निघतील यावरही ठरतं. म्हणून यादी गुणांवरून करू नकोस. वर्षाला घरातून किती निघतील तो आकडा आधी ठरव आणि तिथून यादीला लाग.

मदतीच्या अर्जासाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात. त्यात उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं येतं. तुमचं घर उसावर आणि गुऱ्हाळावर चालतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे दाखवण्यासारखं रिटर्न नसेल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, सोसायटीच्या कर्जाचा उतारा आत्तापासून गोळा कर आणि इंग्रजीत भाषांतर करून घे. शहराजवळच्या तुमच्या तीन एकरांची किंमत कागदावर भरमसाट दिसेल. वाचणाऱ्याला वाटेल, हे तर पैसेवाले. फॉर्ममध्ये खास परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे साधेपणाने लिही की ही जमीन विकली तर घराचं उत्पन्नच जातं. 2019 आणि 2021 च्या पुरात ऊस किती दिवस पाण्याखाली होता आणि किती टन गेला, तेही लिही.

बाबांना मदत मागायची लाज वाटते, असं तू मागे म्हणाली होतीस. त्यांना माझ्याकडून एवढं सांग: आपल्या या गावात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली. खेड्यापाड्यातली किती पोरं तिथल्या जेवणावर शिकली. त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही.

निबंधाकडे येते. 650 शब्दांची मर्यादा आहे आणि तुझ्या मसुद्यातले पहिले 200 ‘लहानपणापासून इंजिनिअर होऊन देशाची सेवा करायचं स्वप्न’ यातच गेलेत. ते काढून टाक. मागच्या हंगामात रस उकळायच्या काहिलीजवळ उभं राहून तू थर्मामीटर घेऊन काय करत होतीस, ते मला तोंडी किती छान सांगितलं होतंस! गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि म्हणतो, ‘झाला.’ तू त्याच क्षणी तापमान टिपत होतीस. बहुतेक वेळा 118 ते 120 अंश. एकदा तुझा आकडा तयार म्हणत होता आणि तो म्हणाला, अजून नाही. आणि त्याचंच बरोबर निघालं. तुझ्या आकड्यात काय सुटलं होतं, ते शोधायला तू आठवडा घालवलास. हाच तुझा निबंध आहे. गुळव्या म्हणजे कोण ते अर्ध्या वाक्यात सांग, गुऱ्हाळाची माहिती देत बसू नकोस. पुण्यातल्या कुठल्या सल्लागाराकडून लिहून घेऊ नकोस. तुझं इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालेल, आवाज तुझाच हवा.

बारावी आणि सीईटीचा अभ्यास सोडायचा नाही. नोव्हेंबरचा लवकरचा अर्ज करायचा की जानेवारीचा, ते यादी झाल्यावर ठरवू. लवकरच्या अर्जाचा एक प्रकार बंधनकारक असतो. मदत किती मिळेल याचा अंदाज नसताना त्यात अडकू नये असं मला वाटतं.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन ये. दहाच्या आत या, नंतर त्यांना गुऱ्हाळावर जावं लागेल. सातबारा आणि गेल्या तीन हंगामांची ऊसबिलं बरोबर असू देत. एसएटीचं पुस्तक नाही आणलंस तरी चालेल.

तुझ्या
बाई